शोशन्नाबाईंची हरकत

सातारा, सांगली आणि या दोहोंच्या मधल्या यच्चयावत एसटी स्टँडांवरील तमाम जनतेस, विशेषतः लग्नाळू मुलामुलींस व त्यांच्या आईबापांस, अत्यंत गांभीर्याने कळवण्यात येते की, आमच्या ख्रिस्ती मंडळीच्या ज्ञात इतिहासात प्रथमच, भर उपासनेत, सकाळी सव्वादहाच्या सुमारास, सौ. शोशन्नाबाई लोखंडे या आपल्या बाकावरून उठून उभ्या राहिल्या आणि त्यांनी एका ठरलेल्या लग्नाला जाहीर हरकत घेतली.

लग्न माझ्या मुलीचं होतं.

आमच्याकडे लग्नाआधी लागोपाठ तीन रविवार पाळकसाहेब देवळात सूचना वाचतात. अमुक मुलगा आणि अमुक मुलगी विवाहबद्ध होऊ इच्छितात, कोणाची रास्त हरकत असेल तर आताच सांगावी. एवढं वाचून ते तीन सेकंद थांबतात, लोक तेवढ्यात खोकून घेतात आणि पुढचं गीत सुरू होतं. तो एक प्रश्न आहे आणि त्याला उत्तर असू शकतं, हे आम्ही पिढ्यान्‌पिढ्या विसरून गेलो होतो. तिसऱ्या रविवारी आम्ही सगळे शांतपणे खोकत असताना दुसऱ्या बाकावरून आवाज आला, "हरकत आहे."

पेटीवाल्याचा भात्यावरचा हात सुटला आणि पेटीनं एक लांबलचक सुस्कारा टाकला. आमचे पाळकसाहेब तरुण आणि भिडस्त. त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. "बाई, कोणाबद्दल?"

"माणसांबद्दल नाही. कागदाबद्दल. वचन कापलंय." आणि बाई खाली बसल्या, साडीचा पदर नीट केला, गीताचा क्रमांक काढला.

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. तो का झाला हे सांगण्याआधी बाई कोण ते सांगायला हवं, कारण ज्यांनी त्यांना पाहिलं नाही त्यांना वाटेल की एखादी भांडकुदळ म्हातारी असेल. तसं नव्हतं. म्हणजे, म्हातारी होत्या, भांडायच्याही, पण त्यांच्या भांडणाला शिस्त होती.

उंची जेमतेम पाच फूट. सांगलीकडच्या एका मोठ्या दवाखान्यात त्यांनी उभी हयात नर्स म्हणून काढली आणि मेट्रन होऊन निवृत्त झाल्यावर साताऱ्यात आमच्या देवळामागच्या दोन खोल्यांत येऊन राहिल्या. नोकरी संपली तरी पांढरी साडी सुटली नाही आणि छातीशी उलटं टांगलेलं घड्याळही सुटलं नाही. समोरचा माणूस बोलायला लागला की त्या नाडी मोजल्यासारख्या त्या घड्याळाकडे बघायच्या. भलेभले वक्ते अर्ध्या मिनिटात मुद्द्यावर यायचे. लहानपणी, आम्ही सांगलीकडे राहत असताना, मी त्यांच्या रविवारशाळेत होतो. तिथं मी नाताळच्या नाटकात हेरोद राजा झालो आणि दाढी सुटेपर्यंत ओरडलो, तेव्हा त्या एवढंच म्हणाल्या, "विजय, राजाला ओरडावं लागत नाही. घाबरलेला माणूस ओरडतो." मला तेव्हा ते कळलं नाही. पन्नाशी उलटल्यावर फार वाईट रीतीनं कळलं.

बाईंचा राग सगळ्यात जास्त लग्नांवर. लग्न करण्यावर नव्हे, लग्नांचं जे झालंय त्यावर. एका लग्नात वेदीसमोर ड्रोन घोंगावत आला. बाईंनी पिशवीतून छत्री काढली, उघडली आणि अख्खं लग्न छत्रीखाली बसून पाहिलं. कोणी विचारलं तर म्हणाल्या, "वरून आशीर्वाद पडायची जागा आहे ती. आता तिथून यंत्रं पडायला लागली, तर सोय नको?" दुसऱ्या एका जोडप्यानं पाचगणीच्या मळ्यात जाऊन एकमेकांना स्ट्रॉबेऱ्या भरवतानाचा व्हिडिओ काढला आणि जेवणाच्या मांडवात मोठ्या पडद्यावर लावला. बाईंनी तो शेवटपर्यंत बघितला, मग नवरदेवाजवळ जाऊन म्हणाल्या, "छान आहे. आता हिला टायफॉइड झाला की पेज भरवतानाचा काढ. तो मला पाठव."

त्यांचं म्हणणं साधं होतं आणि ते त्या इंजेक्शन द्यावं तसं देत. "लग्न म्हणजे बक्षीस नव्हे, नेमणूक आहे." "शेजाऱ्याला देव दिसत नाही. त्याला तुमचं घर दिसतं. नवराबायको एकमेकांशी कसे वागतात त्यावरून तो देवाचा अंदाज बांधतो. म्हणून देवानं लग्न नेमलंय, फोटोसाठी नाही."

आमच्याकडे लग्नाआधी मुलामुलीला वर्गाला बसवायची पद्धत आहे. पाळकसाहेबांनी हे काम बाईंकडे दिलं होतं. इतर ठिकाणी या वर्गात शास्त्रातले उतारे काढतात, प्रश्नोत्तरं होतात. बाई पुस्तक उघडायच्याच नाहीत. त्यांच्या आतल्या खोलीत याकोबभाऊ होते. बाईंचे यजमान. मूळचे आटपाडीकडचे, एसटीत ड्रायव्हर. घाटातल्या वळणांवर ज्या माणसानं पन्नास-पन्नास जीव सांभाळले, त्याचं उजवं अंग एका सकाळी दाढी करताना लुळं पडलं. त्याला नऊ वर्षं झाली होती. जीभ मात्र शाबूत, आणि आटपाडीची.

वर्गाला आलेल्या मुलाला बाई बाह्या दुमडायला सांगत. मग त्यानं याकोबभाऊंना कुशीवर वळवायचं, अंगाखालची चादर माणसाला न उठवता बदलायची, पाठ पुसायची, पावडर लावायची. मुलीनं बघायचं. मग मुलीनं करायचं, मुलानं बघायचं. बस, हाच वर्ग. एक मुलगा दारातूनच म्हणाला, मला वासानं उलटी होईल. आणि गेला. त्याच्या होणाऱ्या बायकोला बाई म्हणाल्या, "बस. चहा घे. तुझी वीस वर्षं वाचली." त्या मुलीच्या बापानं बाईंना जे जे बोलायचं ते बोलून घेतलं. बाईंनी घड्याळात बघून ते सगळं ऐकलं.

अशा बाईंपासून मी माझ्या मुलीचं लग्न लपवायला निघालो होतो. आता कारण सांगतो.

माझी कृपा चौदा वर्षांची असताना देवळाशेजारच्या शाळेच्या मैदानावर पडली. फिट होती. डॉक्टरांनी गोळ्या सुरू केल्या, त्या लागू पडल्या. पुढं ती शिकली, नोकरीला लागली, आणि लग्न ठरलं तेव्हा शेवटच्या फिटला तीन वर्षं होऊन गेली होती. हे आम्ही घरचे, डॉक्टर आणि शोशन्नाबाई एवढ्यांनाच ठाऊक, कारण त्या पहिल्या दिवशी बाईंनीच तिचं डोकं मांडीवर घेतलं होतं. स्थळ सांगलीचं आलं. मुलगा आशिष, साखर कारखान्यात इंजिनियर, शांत. वडील नाहीत. आई रत्नप्रभाबाई, निवृत्त मुख्याध्यापिका. कृपा म्हणाली, "पप्पा, मी त्याला सांगते." मी म्हटलं, "लग्नानंतर सांगू. हळूच. एकदा रुळलीस की." ती दुसऱ्यांदा म्हणाली, तेव्हा मी आवाज चढवला. मग ती तिसऱ्यांदा म्हणाली नाही.

आणि मग सांगलीहून एक कागद आला. लग्नाच्या वचनांचा. रत्नप्रभाबाईंनी तो निबंध तपासावा तसा लाल पेनानं तपासला होता. वचनात नवराबायको एकमेकांना म्हणतात की सुबत्ता असो वा हलाखी, बरं असो वा आजारपण, मरण येईतो मी तुझी साथ सोडणार नाही. त्यातला आजार लाल रेघेनं खोडलेला. हलाखी खोडलेली. मरणावर तर दोन रेघा. बाजूला सुवाच्य अक्षरात शेरा: "शुभप्रसंगी हे शब्द नकोत."

माणूस किती निर्लज्ज असू शकतो याचा मी जाहीर नमुना आहे. तो कागद बघून मला आनंद झाला. वाटलं, देवानंच वाट मोकळी केली. आजाराचं वचनच नाही, मग फसवणूक कसली? पाळकसाहेब म्हणाले, "काळानुसार थोडं बदलायला हरकत नाही." वर्ग मी ऑनलाइन उरकून घेतला, कुठल्याशा ओळखीच्या गृहस्थांकडून. सगळं जमलं होतं. फक्त पाळकसाहेबांनी छपाईचा कच्चा कागद शुद्धलेखन बघायला बाईंकडे दिला.

उपासना संपल्यावर मी कोणाला सलाम न करता तडक बाईंच्या घरी गेलो. त्या याकोबभाऊंना वरणभात भरवत होत्या.

"बाई, माझ्या पोरीचं लग्न मोडायचंय का तुम्हाला?"

"चप्पल बाहेर काढ."

मी चप्पल काढली. रागावलेल्या माणसाला चप्पल काढायला लावली की निम्मा राग तिथंच राहतो, हे त्यांना माहीत होतं. मी उरलेल्या निम्म्यावर बोलत राहिलो. मंडळीसमोर शोभा केली, सांगलीला आता काय तोंड दाखवू, तुम्हाला मूल नाही म्हणून तुम्हाला बापाचं काळीज कळत नाही. हे शेवटचं बोललो आणि मलाच ऐकू आलं. बाईंच्या हातातला घास अर्ध्यावर थांबला.

"विजूभाऊ," याकोबभाऊ म्हणाले, "आवाज लय चढवू नगा. घास अडकतोय मला."

बाईंनी घास भरवला, तोंड पुसलं आणि मग माझ्याकडे वळल्या. "कृपाचा आजार मी कुणाला सांगितला नाही, सांगणारही नाही. नर्स आहे मी. पण तू काय करतोयस ते बघ. तू तुझ्या पोरीला अशा लग्नात उभी करतोयस की जिथं आजाराला जागाच ठेवलेली नाही. उद्या तिला फिट आली तर तिनं कुठं पडायचं? घराच्या बाहेर?"

बाईंनी पुढचा घास कालवला.

"ख्रिस्तानं मंडळीला आपली नवरी म्हटलं, ते काय रिपोर्ट बघून? तिची तब्येत बघून केलं असतं तर आपण आज कुठं असतो? त्या लग्नाची नक्कल करायची म्हणून आपण लग्न करतो. आणि तू नक्कल करताना तेवढीच ओळ गाळतोस."

"मुलाच्या आईनं खोडलंय, मी नाही."

"तू खोडू दिलंस. आणि खूश झालास. खोटं बोलू नकोस, तुझं तोंड दिसतंय मला."

याकोबभाऊ उशीवरून माझ्याकडे बघत होते. "हिच्यापुढं कायबी दडत न्हाई गड्या. मी कंडक्टरबरोबर चोरून बिडी वढायचो, तर ही स्टँडावर येऊन खिसं हुंगायची." मग जरा थांबून म्हणाले, "लेकीला बोलू द्या. तिचं लगीन हाय."

बाईंची अट एकच होती. दोघांनी वर्गाला यायचं, मग त्या हरकत मागं घेतील. पाळकसाहेब मधल्या मध्ये सापडले होते, त्यांनी ती मान्य केली. गुरुवारी आशिष आणि त्याची आई सांगलीहून गाडी करून आले. रत्नप्रभाबाईंचा चेहरा तपासणी अधिकारी आल्यासारखा. त्यांनी याकोबभाऊंना पाहिलं, दुमडून ठेवलेली चादर पाहिली आणि त्यांना काय होणार आहे ते कळलं.

"माझा मुलगा इंजिनियर आहे, वॉर्डबॉय नाही."

"मग लवकर शिकेल," बाई म्हणाल्या. "बाह्या दुमड रे."

आशिषनं आईकडे बघितलं, मग बाह्या दुमडल्या. एक हात खांद्याखाली, एक कमरेखाली, आणि त्यानं असा काही जोर लावला की याकोबभाऊ भिंतीला लागायचेच बाकी राहिले. "हळू रं. पोतं न्हाई मी. गिअर टाकताना कसं, आवाज करायचा न्हाई, नुसतं सरकवायचं." आशिष हसला. दुसऱ्यांदा त्याला जमलं. याकोबभाऊ कुशीवर वळले आणि तो त्यांना तसंच धरून उभा राहिला. समोरून कृपा जुनी चादर गुंडाळत होती. त्या दोघांच्या मध्ये याकोबभाऊंची उघडी पाठ. तिनं मान वर केली नाही.

"मला फिट येतात," ती म्हणाली.

खोलीत आम्ही सहा माणसं होतो. आशिषनं याकोबभाऊंना सोडलं नाही, हे मला आठवतं.

"कधीपासून?"

"चौदाव्या वर्षापासून. तीन वर्षांत आलेली नाही. गोळ्या घेते. आयुष्यभर घ्याव्या लागतील कदाचित."

त्यानं विचारलं, "आली तर काय करायचं?"

"तोंडात काही घालायचं नाही," कृपा म्हणाली. "कांदा, चप्पल काही हुंगवायचं नाही. कुशीवर वळवायचं आणि शुद्धीवर येईपर्यंत जवळ बसायचं. पाच मिनिटांत थांबली नाही तर दवाखान्यात न्यायचं."

आशिषनं स्वतःच्या हातांकडे पाहिलं. तो काही बोलणार तेवढ्यात रत्नप्रभाबाई उभ्या राहिल्या. माझ्याकडे बघून म्हणाल्या, "तुम्ही आम्हाला फसवत होतात." आवाज जराही चढला नव्हता. मला हेरोदाची दाढी आठवली. मी हो म्हटलं. आशिषला घेऊन त्या निघून गेल्या.

पुढचे नऊ दिवस सांगलीहून काही आलं नाही. मी बाईंवर नव्यानं संतापलो. घरात येताजाता त्यांचा उद्धार केला. बायको ऐकून घेत होती, पण कृपा वेगळीच झाली होती. ती जेवत होती, झोपत होती, ऑफिसला जाताना गाणं म्हणत होती. एकदा मी म्हटलं, "तुला काहीच वाटत नाही?" ती म्हणाली, "वाटतं. पण पप्पा, अकरा वर्षांत पहिल्यांदाच मी कुणापासून काही लपवत नाहीये."

दहाव्या दिवशी रत्नप्रभाबाई एकट्या आल्या. आमच्याकडे नाही, बाईंकडे. तासभर दार लोटलेलं होतं. आत काय झालं ते मला नंतर याकोबभाऊंकडून कळलं, कारण त्यांना खोलीबाहेर जायची सोय नव्हती.

"लय भांडल्या," ते खुशीत म्हणाले. "तोडीस तोड भेटली हिला. ती बाई म्हनली, तुमी कोन सांगनार मला आजारपन म्हंजी काय ते? माझा मालक दोन वर्सं हातरुनाला खिळून हुता. पेज पाजली, मूत काढलं, पाठीच्या जखमा धुतल्या. शाळा करून. ते शबुद मला ऐकवत न्हाईत, म्हून खोडलं. तुमी काय समजलात?"

"मग बाई काय म्हणाल्या?"

"हिनं घड्याळाकडं बघितलंबी न्हाई. मंग म्हनली, ऐकवत न्हाईत म्हंजी तुमी त्ये पाळलंत. ज्यानं पाळलं त्यानंच खोडलं तर पोरांनी कुनाकडं बघून म्हनायचं?"

मी तिथं याकोबभाऊंच्या पलंगाच्या कडेला बसलो होतो. महिनाभर ज्या बाईला मी सांगलीची मिजासखोर हेडमास्तरीण म्हणून चारचौघांत रंगवून सांगत होतो, तिच्या लाल रेघेखाली हे होतं. आणि मी त्याच रेघेवर माझं खोटं वाळत घातलं होतं. मला माझी इतकी चीड आली की याकोबभाऊंनी मला पाणी प्यायला सांगितलं.

संध्याकाळी आशिषचा फोन आला. म्हणाला, "वचन पूर्ण छापा. आणि मला फिटबद्दल जे काही वाचायचं असेल ते पाठवा." आईबद्दल त्यानं काही सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. पाळकसाहेबांनी पुढच्या रविवारी जाहीर केलं की हरकत मागं घेतली आहे. सगळी मंडळी बाईंकडे वळून बघू लागली. बाई घड्याळाला चावी देत होत्या.

बाई मागच्या नाताळाआधी गेल्या, झोपेत, कुणाला तसदी न देता. त्यांच्यामागे याकोबभाऊ दीड महिनाच काढू शकले. तेवढे दिवस मंडळीतली जोडपी पाळी लावून त्यांना कुशीवर वळवायला जात. सगळ्यांना जमत होतं. प्रत्येकाचा वर्ग झालेला होता. आशिष-कृपा शनिवारी सांगलीहून यायची. लग्नाच्या दुसऱ्या वर्षी कृपाला एकदा फिट आली, स्वयंपाकघरात. आशिषनं काय केलं ते मी विचारलं नाही. सासूबाईंनी घड्याळ लावून वेळ मोजली, एवढं कृपानं आपणहून सांगितलं.

पण मला शेवटी लग्नाच्याच दिवसाशी थांबायचंय, कारण तो दिवस माझ्या नजरेसमोरून जात नाही. ड्रोन नव्हता. कृपा पांढऱ्या साडीत, हातांवरची हळद अजून उतरली नव्हती. रत्नप्रभाबाई पहिल्या बाकावर, माझ्याशी एक शब्द न बोलता, आणि त्यात त्यांची काहीच चूक नव्हती. शोशन्नाबाई त्यांच्या नेहमीच्या बाकावर नव्हत्या. याकोबभाऊंची चाकांची खुर्ची मधल्या वाटेत अडचण करील म्हणून त्या त्यांना घेऊन सगळ्यात मागं, दाराशी बसल्या होत्या. पाळकसाहेब वचनं सांगत होते, आशिष त्यांच्यामागून म्हणत होता. सुबत्तेचं स्वच्छ म्हटलं. हलाखीचं म्हटलं. आजारपणाशी आल्यावर ते शब्द त्याच्या तोंडातल्या तोंडात राहिले. पाळकसाहेबांनी भिडेनं पुढची ओळ घेतली. तेवढ्यात पहिल्या बाकावरून रत्नप्रभाबाई, उभं आयुष्य वर्गावर काढलेल्या त्या बाई, सवयीनं उठून उभ्या राहिल्या आणि भरल्या देवळात म्हणाल्या:

"आशिष, ते परत म्हण. मोठ्यानं. मागं बसलेल्यांना ऐकू गेलं नाही."